अर्बुद आणि त्याचे क्षेत्र : पचनसंस्थेच्या कर्करोगांवरील रेणवीय संशोधनाची ओळख

पेण व रोहा तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे पचनसंस्थेच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा दोनदा येतो. पहिल्या वेळी आपणास कर्करोग आहे हे त्यालाच ठाऊक नसते. अम्लपित्त, अर्श, अतिसार वा कामला यांपैकी एखादी तक्रार घेऊन तो आलेला असतो. दुसऱ्या वेळी त्याच्या पिशवीत परळच्या अथवा खारघरच्या टाटा रुग्णालयाची फाइल असते, दोन-तीन केमोथेरपी झालेल्या असतात, आणि "याच्या जोडीला आपले काही घेतले तर चालेल का?" असा त्याचा प्रश्न असतो. हाच प्रश्न तो औषधालयाच्या काउंटरवरही विचारतो आणि अनेकदा तेथेच त्याला उत्तर मिळून जाते. या दोन्ही वेळी दिलेल्या उत्तरावर रुग्णाचे बरेच काही अवलंबून असते. ते उत्तर जबाबदारीने देता यावे यासाठी, या रोगांविषयी रेणूंच्या पातळीवर गेल्या तीन-चार दशकांत काय कळले आहे याचा परिचय वैद्यबंधू-भगिनींना व औषधालयांच्या चालकांना करून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे संशोधन केवळ परदेशी चालते असे नाही. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली नावारूपास आलेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र पुढे टाटा स्मारक केंद्रात समाविष्ट झाले आणि २००२ साली खारघर येथे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात, 'अ‍ॅक्ट्रेक' या नावाने स्थलांतरित झाले. दिवा-रोहा गाडीने पनवेलला उतरून हार्बर मार्गाने खारघर गाठणाऱ्या आपल्या रुग्णांना ती इमारत परिचित असते. तेथील प्रयोगशाळांत काय चालते हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

बीज आणि क्षेत्र

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे निदान सांगितले आहे, अध्यर्बुद व द्विरर्बुद यांचा उल्लेख केला आहे आणि अर्बुद पाकास का जात नाही याचाही विचार केला आहे, हे वाचकांस ज्ञात आहेच. पाश्चात्त्य वैद्यकात दीर्घकाळ विचार झाला तो मुख्यतः गाठीचा व ती कापून काढण्याचा. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्लिश शल्यवैद्याने स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग शरीरात कोठेही न पसरता काही विशिष्ट अवयवांतच वारंवार रुजतो, असे त्याच्या ध्यानात आले. बी सर्व दिशांना वाऱ्यावर जाते, पण अनुकूल जमिनीवरच उगवते, असा त्याचा निष्कर्ष होता. ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ही चतुष्टयी शिकलेल्या आपणा वैद्यांस ही कल्पना नवीन वाटू नये. 'स्थानसंश्रय' आणि 'खवैगुण्य' या संकल्पनाही येथे सहज आठवतात.

परंतु येथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस आवश्यक वाटते. साम्य दिसले म्हणजे सिद्धता झाली असे नाही. "आमच्या ग्रंथांत हे सर्व आधीच होते" असे म्हणून विषय संपवण्याची आपल्या व्यासपीठांवर रूढ झालेली पद्धत आम्हांस मान्य नाही. तिने जिज्ञासाच मारली जाते. सुश्रुतांचे क्षेत्र आणि सूक्ष्मदर्शकाखालचे क्षेत्र यांची तुलना समजण्यास साहाय्यक आहे, चिकित्सेस पुरेशी नाही.

आता हे क्षेत्र म्हणजे नेमके काय, ते पाहू. अर्बुदाचा छेद घेतला असता त्यात केवळ कर्कपेशी आढळत नाहीत. त्यांच्याभोवती तंतू निर्माण करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी असतात, नव्याने फुटलेल्या व गळक्या रक्तवाहिन्या असतात, भक्षकपेशी व लसिकापेशी असतात, मज्जातंतूंचे अग्र असतात आणि या सर्वांना धरून ठेवणारे कोलॅजेनचे जाळे असते. कर्कपेशी या शेजाऱ्यांशी रासायनिक संदेशांनी सतत बोलत असतात. व्हीईजीएफ या प्रथिनाच्या द्वारे त्या रक्तवाहिन्या मागवून घेतात. टीजीएफ-बीटा या प्रथिनाने फायब्रोब्लास्टना तंतू विणावयास लावतात व लसिकापेशींना शांत करतात. जखम झाल्यावर शरीर ती भरून काढण्यासाठी हेच संदेश वापरते. फरक इतकाच, की जखम भरली की ते थांबतात. येथे ते थांबत नाहीत. म्हणूनच अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली अर्बुदांना 'कधीही न भरणारे व्रण' म्हटले. दुष्टव्रणाची चिकित्सा नित्य करणाऱ्यांना या वर्णनाचा अर्थ अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

हे परिसरशास्त्र प्रत्यक्ष व्यवहारात किती महत्त्वाचे ठरते, याची दोन उदाहरणे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मिळतात. पॅरिस येथील जेरोम गॅलॉन व सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले, की गाठीत व गाठीच्या कडेला कोणत्या प्रकारच्या लसिकापेशी किती संख्येने जमल्या आहेत, यावरून रुग्णाचे पुढील आयुष्य जितके अचूक वर्तवता येते तितके गाठीच्या आकारावरून व पसरण्यावरूनही येत नाही. दुसरे उदाहरण अधिक नाट्यमय आहे. काही रुग्णांच्या कर्कपेशींत डीएनएच्या दुरुस्तीची यंत्रणाच बिघडलेली असते. अशा पेशींत चुका साचत जातात व त्यामुळे त्या प्रतिकारसंस्थेस परक्या दिसू लागतात. पण त्या प्रतिकारसंस्थेचा ब्रेक दाबून धरतात. हा ब्रेक सोडवणारे डोस्टारलिमॅब हे औषध न्यूयॉर्क येथे गुदाशयाच्या अशा कर्करोगाच्या रुग्णांना दिले असता, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालातील बाराही रुग्णांत गाठ पूर्णतः नाहीशी झाली. शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार नाही. २०२५ पर्यंत अशा गुदाशयरुग्णांची संख्या ४९ झाली व त्या सर्वांतही तोच परिणाम दिसला. मात्र गुदाशयाच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणांतच हा विशिष्ट बिघाड असतो. उरलेल्या नव्वदांना या औषधाने असे फळ मिळत नाही. रोगाचे नाव एकच, स्थान एकच, पण आतील घडण वेगळी, आणि ती चाचणीनेच कळते.

या वर्गातील औषधे घेणारा रुग्ण आपल्याकडे अतिसाराची तक्रार घेऊन आला, तर तो साधा अतिसार समजू नये. ब्रेक सुटलेली प्रतिकारसंस्था कधीकधी स्वतःच्या आतड्यावरच हल्ला करते. त्यावर तातडीने स्टेरॉइड द्यावे लागते. विलंब झाल्यास आतड्यास छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते. अशा वेळी कुटजघनवटीची डबी देऊन आठवडाभर वाट पाहणे धोक्याचे आहे. रुग्णास त्याच दिवशी त्याच्या कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या कल्पांविषयीही हाच विचार लागू आहे. ज्या उपचारात प्रतिकारशक्ती आधीच मोकाट सोडलेली आहे, तेथे ती आणखी 'वाढवणे' म्हणजे काय, याचे उत्तर आज कोणाजवळही नाही.

बांध फोडावा का?

स्वादुपिंडाचा कर्करोग हा या विषयातील सर्वांत कठीण व सर्वांत बोधप्रद भाग आहे. येथे नव्वद टक्क्यांहून अधिक अर्बुदांत 'के-रास' या जनुकात बिघाड आढळतो. या बिघडलेल्या जनुकाच्या प्रथिनास पकडणारे औषध अनेक दशके सापडत नव्हते. पहिले औषध २०२१ साली मान्य झाले, तेही फुप्फुसाच्या कर्करोगातील एका विशिष्ट प्रकारासाठी, आणि तो प्रकार स्वादुपिंडात फार क्वचित आढळतो. त्यातच स्वादुपिंडाच्या गाठीचा मोठा भाग कर्कपेशींचा नसतोच. तो असतो दाट, टणक तंतुमय ऊतीचा. या ऊतीच्या दाबाने रक्तवाहिन्या मिटतात व केमोथेरपीचे औषध कर्कपेशींपर्यंत पोचत नाही.

तेव्हा हा तटच पाडावा, असे संशोधकांस वाटणे स्वाभाविक होते. २००९ साली केंब्रिज येथील गटाने उंदरांवर प्रयोग केला. तंतुमय ऊती निर्माण करण्याचा संदेश रोखणारे औषध केमोथेरपीच्या जोडीस दिले. तट विरळ झाला, औषध आत पोचले, उंदीर अधिक काळ जगले. सर्वत्र उत्साह निर्माण झाला. पण त्याच वर्गातील औषधाची मनुष्यांवरील चाचणी २०१२ साली थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्या रुग्णांची स्थिती न घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली. असे का व्हावे? २०१४ साली अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे उत्तर दिले. उंदरांतील ही तंतुमय ऊती प्रयत्नपूर्वक नष्ट केली असता अर्बुद अधिक उग्र झाले व उंदीर लवकर दगावले. जो तट औषधास अडवत होता, तोच कर्कपेशींनाही काही अंशी कोंडून ठेवत होता. पुढे या ऊतीतील हायलुरॉनिक आम्ल विरघळवणाऱ्या विकराचीही मोठी चाचणी झाली. २०१९ साली तिचाही निष्कर्ष 'लाभ नाही' असाच निघाला.

पेणच्या खारेपाटातील शेतकऱ्यास ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बांध फोडला म्हणजे शेतात अडलेले पाणी उतरते हे खरे. पण उधाणाचे खारे पाणीही त्याच वाटेने आत शिरते. 'गाठ विरघळवणारे' म्हणून लेखन, भेदन व ग्रंथिहर द्रव्यांची योजना अर्बुदात करण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांनी या इतिहासाचे मनन करावे अशी आमची विनंती आहे. प्रयोगशाळेत सयुक्तिक वाटलेली, उंदरांत यशस्वी झालेली कल्पनाही मनुष्यात उलटू शकते. मग कोणत्याही नोंदीविना, केवळ युक्तीवर आधारलेल्या कल्पनेविषयी किती सावध असावे?

स्वादुपिंडाच्या रुग्णास आपण सर्वाधिक साहाय्य करू शकतो ते याच्या कितीतरी आधी, कामलेच्या निदानाच्या वेळी. आपल्या भागात काविळीचा रुग्ण प्रथम डॉक्टरकडे जात नाही. माळ घालणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन काविळ 'उतरवणे', कोणा जाणत्याकडून झाडपाला घेणे, हे सर्व झाल्यावर तो आपल्याकडे येतो. यकृतशोथाची काविळ बहुतांशी आपोआप उतरते, म्हणून या सर्व उपायांना यश मिळाल्यासारखे दिसते. स्वादुपिंडाच्या शिरोभागातील वा पित्तनलिकेतील अर्बुदाची काविळ मात्र उतरत नाही. ती वाढत जाते. चरकाचार्यांनी रुद्धपथ कामलेचे जे लक्षण दिले आहे, तीळ वाटून केल्याप्रमाणे फिकट मल, ते येथे तंतोतंत आढळते. जोडीला अंगास कंडू, गडद मूत्र आणि भुकेचा नाश. पोटात वेदना नसणे हे आश्वासक मानू नये, उलट तेच अधिक संशयास्पद आहे. काविळ आहे, वेदना नाहीत आणि उजव्या बरगडीखाली पित्ताशय फुगलेले हातास लागते, ही त्रयी कूर्वोझिए या स्विस शल्यवैद्याने १८९० मध्येच नोंदवून ठेवली आहे. पन्नाशीनंतर नव्याने उद्भवलेला मधुमेह व त्यासोबत अकारण वजन घटणे, हीही एक खूण आहे.

शाखाश्रित कामलेची कटु-तीक्ष्ण द्रव्यांची चिकित्सा आपण जाणतो. परंतु मार्ग कफाने रुद्ध आहे की अश्मरीने की अर्बुदाने, हे नाडीवरून ठरवण्याचा हट्ट येथे धरू नये. एक सोनोग्राफी व रक्तातील बिलिरुबिनची तपासणी पुष्कळ उलगडा करते. निदानाच्या वेळी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या शंभरांपैकी पंधरा ते वीस रुग्णांतच शस्त्रक्रिया शक्य असते. कामलेसाठी गेलेले सहा आठवडे रुग्णास या पंधरा-विसांतून बाहेर ढकलण्यास पुरेसे असतात.

हेच अर्शाविषयी. मोठ्या आतड्यातील साध्या मांसांकुराचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा वर्षे वा अधिक लागतात. एपीसी, के-रास, पी-५३ अशा जनुकांत एकामागून एक बिघाड होत जातात, हे फिअरन व वोगेलस्टाइन यांनी १९९० साली मांडले. म्हणजे निसर्गाने आपणांस दीर्घ मुदत दिलेली असते. ती मुदत शेवटच्या वर्षी गुदमार्गे पडणाऱ्या रक्तास न तपासता अर्श समजून वाया घालवली जाते. चाळिशीपुढील रुग्णात रक्त पडत असेल, मलप्रवृत्तीची सवय बदलली असेल वा पांडुता असेल, तर बोटाने गुदपरीक्षा केल्याविना अर्शकुठार देऊ नये, इतके तरी आपण सर्वांनी पाळावे.

जठराचा कर्करोग आणि आपले अम्लपित्त

जठराविषयी थोडक्यात. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरातून वाढवून दाखवला. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यास निश्चित कर्ककारकांत गणले. २००५ साली त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूच्या काही जाती सुईसारख्या रचनेतून 'कॅग-ए' नावाचे प्रथिन थेट जठराच्या पेशीत टोचतात व तिचे संदेशवहन बिघडवतात. त्यातून दाह, दाहातून श्लेष्मल त्वचेचा क्षय, आणि काही थोड्या रुग्णांत पुढे अर्बुद. खारवलेल्या अन्नाचा अतिरेक या प्रक्रियेस साहाय्य करतो, असा पुरावा आहे. तो मुख्यतः पूर्व आशियातील आहे, पण सुकट व सुके बोंबील आवडीने खाणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर तो विसरू नये. सूतशेखर वा कामदुधा यांनी अम्लपित्ताचे शमन होते, आणि जठरातील अर्बुदाच्या आरंभीच्या तक्रारीही काही काळ दबतात. आधुनिक आम्लरोधक गोळ्यांचेही तसेच आहे. गिळताना अडकणे, शिळ्या अन्नाची उलटी, काळा मल, वजन घटणे यांपैकी काहीही असल्यास एन्डोस्कोपी हाच मार्ग.

पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण गंगेच्या खोऱ्यात विशेष आहे, कोकणात तुलनेने कमी. त्यावर टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. शरयू म्हात्रे, डॉ. राजेश दीक्षित व सहकाऱ्यांनी केलेले काम २०१७ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. पित्तात स्निग्ध द्रव्ये सोडण्याशी संबंधित असलेल्या एबीसीबी-४ व शेजारच्या एबीसीबी-१ या जनुकांच्या परिसरातील भेदांचा या रोगाच्या शक्यतेशी संबंध असल्याचे त्यात दाखवले आहे. अ‍ॅक्ट्रेकमधील डॉ. अमित दत्त यांच्या गटाने याच कर्करोगात ईआरबीबी-२ जनुकातील बिघाडांचा अभ्यास केला आहे.

औषधालयांच्या चालकांसाठी

रेणवीय संशोधनाने औषधव्यवसायास थेट भिडणारी एक गोष्ट उघड केली आहे. काही कर्ककारक द्रव्ये डीएनएवर स्वतःची ओळखण्याजोगी खूण ठेवून जातात. रोग झाल्यावर अनेक वर्षांनीही गाठीचा डीएनए वाचून 'हे कोणाचे काम' ते सांगता येते.

पहिले द्रव्य अफ्लाटॉक्सिन. ओल धरलेल्या धान्यावर, शेंगदाण्यावर व वनस्पतिद्रव्यांवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी ते निर्माण करते. यकृताच्या कर्करोगात पी-५३ जनुकाच्या २४९ व्या स्थानी एकाच विशिष्ट प्रकारचा बदल ते करते, हे १९९१ साली चीन व दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांत आढळले. आता आपल्या जिल्ह्यातील पावसाळा आठवावा. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने न सुकणाऱ्या भिंती, आणि मागील खोलीत जमिनीवर ठेवलेली कंद, मुळे, फळे व बिया यांची पोती. बुरशी आलेला माल झटकून, पुन्हा उन्हात घालून वापरण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. तिने बुरशी दिसेनाशी होते; विष जात नाही. क्वाथ करतानाच्या उष्णतेनेही ते नष्ट होत नाही. असा माल टाकून देणे हाच एक उपाय. पावसाळ्यापूर्वी साठा कमी करणे, पोती लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून दूर ठेवणे, हवाबंद डब्यांत द्रव्ये भरणे यांस फार खर्च येत नाही. यकृतशोथ 'ब'च्या जुनाट रुग्णात अफ्लाटॉक्सिनचा परिणाम अनेक पटींनी वाढतो, आणि यकृतासाठी वनौषधी घेण्यास आपल्याकडे नेमका तोच रुग्ण येतो.

दुसरे द्रव्य अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. कोकणात 'सापसंद' म्हणून परिचित असलेली ईश्वरी, तसेच कीटमारी, या अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील वनस्पतींत ते असते. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या चिनी वनौषधींत एका द्रव्याऐवजी चुकून या कुळातील दुसरे द्रव्य मिसळले गेले. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांतील अनेकांस पुढे मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. यकृताशी असलेला त्याचा संबंध नंतर उघड झाला. तैवानमधील यकृताच्या ९८ अर्बुदांचा डीएनए वाचला असता ७६ अर्बुदांत या आम्लाची खूण आढळल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. शतकानुशतके परंपरेने वापरात असणे हे निरुपद्रवीपणाचे प्रमाण नव्हे, कारण वीस वर्षांनी होणाऱ्या रोगाचा संबंध वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या काढ्याशी कोणताही वैद्य नुसत्या अनुभवाने जोडू शकत नाही. ईश्वरी व कीटमारी यांचा आभ्यंतर वापर पूर्णतः थांबवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांना हे मत कठोर वाटेल त्यांनी ते अवश्य कळवावे.

योगवाहित्वाची दुसरी बाजू

हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेतील काचपात्रात कर्कपेशींना रोखते, हे खरे आहे. त्यावरील शोधनिबंधांची संख्या प्रचंड आहे. पण ते आतड्यातून अत्यल्प शोषले जाते. २०१७ साली या सर्व कामाचा आढावा घेणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांस, काटेकोर तुलनात्मक चाचणीत यशस्वी ठरलेला कर्क्युमिनचा एकही उपयोग आढळला नाही. बंगळुरू येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली पिंपळी-मिरीतील पाइपरीन जोडीस दिले असता मनुष्यात कर्क्युमिनचे शोषण कैक पटींनी, म्हणजे २००० टक्क्यांनी, वाढलेले आढळले. पाइपरीनच्या या गुणाचा शोध जम्मूच्या प्रयोगशाळेने लावला होता, आणि त्यावर आधारलेली क्षयरोगाची एक गोळी २००९ साली भारतात बाजारात आली. तीत रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम आहे. पिंपळीच्या योगवाहित्वाचा आपणास अभिमान वाटावा असेच हे उदाहरण आहे.

परंतु जे द्रव्य रिफाम्पिसिनची मात्रा निम्म्याहून खाली आणते, ते केमोथेरपीच्या औषधाचे काय करील? पाइपरीन यकृतातील व आतड्यातील सीवायपी-३ए-४ या विकरास आणि पेशीतून औषधे बाहेर फेकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीन या प्रथिनास अडवते. आतड्यातील 'जिस्ट' अर्बुदासाठी दिले जाणारे इमॅटिनिब, जठरासाठी वापरले जाणारे डोसीटॅक्सेल, बृहदांत्रासाठीचे इरिनोटेकॅन ही सर्व औषधे याच मार्गांनी शरीराबाहेर जातात. त्यांची मात्रा आधीच विषारीपणाच्या कडेवर बेतलेली असते. म्हणून केमोथेरपी चालू असताना त्रिकटू, पिप्पली रसायन वा पाइपरीनयुक्त हळदीच्या कॅप्सूल स्वतःहून देऊ नयेत. स्वयंपाकातील मिरी-हळदीस ही बंधने लागू नाहीत. आमटीतून जाणारी मिरी व कॅप्सूलमधील अर्क यांत मोठे अंतर आहे.

गुळवेलीविषयीही वाचकांस आठवत असेल. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, कारण रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेले नव्हते. आक्षेपात तथ्य होते. मात्र तो आपल्यावरही उलटतो, कारण आपल्या औषधालयात येणारी ओली गुळवेल खरोखर गुळवेलच आहे, तिच्याच कुळातील दुसरी वेल नाही, हे पाहणे आपलेच काम आहे.

शेवटी अ‍ॅक्ट्रेकमधील एका प्रयोगाविषयी, कारण त्यावरून आपल्या वर्तुळात बरीच चर्चा झाली आहे. डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांचा सिद्धान्त असा, की मरणाऱ्या कर्कपेशींतून बाहेर पडलेले क्रोमॅटिनचे कण शेजारच्या निरोगी पेशींत शिरतात, दाह उत्पन्न करतात व रोग पसरण्यास साहाय्य करतात. हा परिसराचाच विचार आहे. द्राक्षांत आढळणारे रेझव्हेरॅट्रॉल व तांबे यांच्या मिश्रणाने हे कण निष्क्रिय होतात, असे त्यांना आढळले. जठराच्या प्रगत कर्करोगात डोसीटॅक्सेलयुक्त केमोथेरपीच्या जोडीस हे मिश्रण दिले असता रक्तपेशींवरील दुष्परिणाम कमी झाले नाहीत, मात्र उलट्या, अतिसार व हातापायांची त्वचा सोलवटणे यांत घट दिसली. ही दुसऱ्या टप्प्यातील छोटी चाचणी आहे. अनेक कर्करोगतज्ज्ञांनी मोठ्या तुलनात्मक चाचण्यांची आवश्यकता सांगितली आहे. २०२४ साली वृत्तपत्रांत 'कर्करोग रोखणारी गोळी' असे मथळे आले, ते या पुराव्यापेक्षा फार पुढचे होते.

'तांबे' हा शब्द वाचताच ताम्रभस्माकडे मन धावणे स्वाभाविक आहे. म्हणून मात्रा पाहावी. या अभ्यासमालिकेतील लहान मात्रेत रेझव्हेरॅट्रॉल ५.६ मिलिग्रॅम व तांबे ५६० नॅनोग्रॅम होते. एक गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. तिच्या वजनात तांब्याच्या अशा दोन लाखांहून अधिक मात्रा बसतील. या संशोधनाचा आधार घेऊन कर्करोगात ताम्रभस्माची शिफारस करणाऱ्यास हे गणित दाखवावे. औषधालयाच्या फलकावर वा पत्रकावर कर्करोग बरा करण्याचा दावा छापणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरते, हेही जाता जाता नमूद करतो.

कर्करोगाचा उपचार घेणाऱ्या रुग्णास आपण क्षुधा, निद्रा, मुखपाक, मलावष्टंभ यांसाठी काही देत असू, तर ते लपून देण्याचे कारण नाही. रुग्णाच्या फाइलमध्ये ठेवण्यासाठी एक चिठ्ठी द्यावी. तीत कल्पाचे नाव, त्यातील घटकद्रव्ये, उत्पादक, बॅच क्रमांक, मात्रा, आरंभाची तारीख आणि आपला दूरध्वनी क्रमांक लिहावा. भस्म वा रसौषधी असल्यास त्याखाली रेघ ओढावी. औषधालयातून चिठ्ठीविना विक्री झाली असल्यास हाच तपशील बिलावर असावा. केमोथेरपीच्या आदल्या दिवशी रक्ततपासणीत यकृताची विकरे वाढलेली आढळली, तर खारघरच्या डॉक्टरांस ही चिठ्ठी पाहून पाच मिनिटांत निर्णय घेता येतो. चिठ्ठी नसेल तर रुग्णाची ती फेरी फुकट जाते व तो पुढच्या तारखेसाठी रोह्याची गाडी पकडतो.